शिनमाच्या माळावरचं घर

१

निरंजनला दुसरी शिफ्ट मनापासून आवडायची. दुपारी कंपनीची बस नाक्यावर येईपर्यंत सगळी सकाळ आपली. सावकाश उठावं, आईच्या हातचा चहा घ्यावा, अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी घालावं, आणि अकराच्या सुमारास तिघांनी मिळून जेवायला बसावं. चाकणच्या पुढं, गावाबाहेरच्या माळावर त्यानं हे बैठं घर घेतलं आणि त्याच्या संसाराला जसा काही वाराच वेगळा लागला.

त्याआधी ती तिघं थेरगावात दोन खोल्यांत राहायची. त्याची आई कुसुमताई लातूरकडची, आवाज खणखणीत. बायको दिव्या नोकरी करणारी, ऐकून घेणारी नव्हे. पाण्याचं पिंप कुणी उघडं ठेवलं, कुकरची शिट्टी कुणी मोजली नाही, एवढं कारण पुरायचं. निरंजन जिन्यात चप्पल काढतानाच आतल्या आवाजाचा अंदाज घ्यायचा आणि कित्येकदा तसाच खाली जाऊन टपरीवर बसायचा.

इथं आल्यावर ते सगळं थांबलं. दिव्याचं तळवड्याच्या आयटी कंपनीतलं काम बहुतेक घरूनच चालायचं. मधल्या वेळात ती सासूच्या डोक्याला तेल लावायची. सासू तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटायची. निरंजन हे बघायचा आणि दृष्ट लागू नये म्हणून बोलायचा नाही.

एका सोमवारी त्याच्याच विभागातला मित्र सुजित जेवायला आला. हॉलमध्ये जमिनीवर ताटं मांडली होती. तिघं नेहमीसारखी एका ओळीत बसली आणि सुजित त्यांच्या समोर, पूर्वेच्या भिंतीला पाठ टेकून बसला. समोर मोकळी जागा होती, कुणीही बसला असता. पण दिव्याच्या हातातली पळी तशीच राहिली. आईनं घास खाली ठेवला.

"भाऊजी, तुम्ही इकडं या ना," दिव्या म्हणाली. "आमच्या ओळीत."

"अहो, इथं ऐसपैस आहे की."

"तिथं नको बाबा," आई म्हणाली. "मधी यायलास."

"कशाच्या मधी, काकू?"

आई विचारात पडली. मग स्वतःशीच हसली. "मला तरी काय ठाव? पण यायलास."

सुजित हसत उठला आणि ओळीत जाऊन बसला. जेवण छान झालं. बसमध्ये बसल्यावर मात्र तो म्हणाला, "राव, घर झकास आहे तुझं. काय उजेड येतो हॉलमध्ये! पण एक सांग, पूर्वेला खिडकीच नाही. मग तो येतो कुठून?"

शेजारचा प्लॉट पुढंमागं बांधला जाईल म्हणून बांधणाऱ्यानं त्या बाजूला खिडकी ठेवली नव्हती. निरंजनला एक गोष्ट आठवली. राहायला आले त्या दिवशी वडिलांची तसबीर त्या कोऱ्या भिंतीवर लावायला तो खिळा घेऊन उभा राहिला होता, तेव्हाही आई हेच म्हणाली होती. तिथं नको, मधी येईल. आणि त्यानंही, काही न विचारता, तसबीर दुसरीकडं लावली होती.

२

कंपनीत निरंजनचं काम आवाजाचं होतं. तयार झालेला गिअरबॉक्स एका बंद खोलीत फिरवायचा आणि तो काय बोलतो ते ऐकायचं. यंत्रं मोजमाप करायचीच, पण एखादा दात बिघडलेला असला तर ते निरंजनच्या कानाला आधी कळायचं.

म्हणून घरातला तो आवाजही आधी त्यालाच ऐकू आला. तो आमटी वाढून घेत होता. कर्र, कर्र, कर्र. लांबच्या घरात कुणी शिवणयंत्र चालवत असावं इतका बारीक. तो फ्रिज बघायला उठला, आवाज थांबला. परत ताटावर बसला, आणि थोड्या वेळानं पुन्हा कर्र, कर्र.

दुसऱ्या दिवशी त्यानं जेवणाआधी मेन स्विचच बंद केला. पंखा नाही, फ्रिज नाही, पाण्याची मोटर नाही. तिघं जेवायला बसली आणि आवाज सुरू झाला. तो उठला की बंद, बसला की चालू. किडा असणार, त्यानं मनाशी ठरवलं. भिंतीच्या फटीत बसलेला, पावलाची चाहूल लागली की गप्प होणारा. हे बरं वाटणारं उत्तर होतं आणि ते चार दिवस पुरलं.

पण कान ऐकत होते. मोटर कधी दमत नाही, तिचं एक वळण दुसऱ्यासारखंच असतं. किडाही एकसुरी असतो. ह्या आवाजात दर फेऱ्याला एक जागा किंचित जड होती, खालून वर येताना जोर लागावा तशी. हे काहीतरी हातानं फिरवलं जात होतं. फिरवणाऱ्याचा हात सरावलेला होता, पण हातच होता.

मग त्यानं कंपनीतली जुनी युक्ती केली. मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक पूर्वेच्या भिंतीला लावलं आणि मूठ कानाशी धरली. कुठलीही भिंत काही ना काही सांगतेच. इथून हायवे जवळ, दिवसभर कंटेनर जातात, त्यांची घरघर पायातून वर चढते. बाकीच्या तिन्ही भिंतींत ती होती. ह्या भिंतीत नव्हती. मोकळ्या रानात उभं राहावं तसा नुसता वारा ऐकू येत होता, आणि बऱ्याच लांबून घोडा फुरफुरल्यासारखं काहीतरी.

त्यानं स्क्रूड्रायव्हर खोक्यात ठेवून दिला. बराच वेळ हात धूत राहिला.

३

त्या आठवड्यात दिव्या जेवताना तिच्या ऑफिसमधली गंमत सांगत होती. तिचे ओठ हलत होते, हात हलत होते, आई तोंडाला पदर लावून हसत होती. निरंजन भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबला. दोघींपैकी एकीचाही आवाज येत नव्हता. फक्त ती कर्रकर्र. वाटी ताटावर टेकली तिचाही आवाज नाही.

मग कर्रकर्र थांबली आणि दिव्याचं वाक्य मध्येच उमटलं, "आणि साहेब म्यूटवरच बोलतायत!"

"काय म्हणालीस? मला ऐकू नाही आलं."

"कुठलं?"

"सगळंच."

"कानात बोळे घालून काम करतोस, दुसरं काय होणार," दिव्या म्हणाली. "दाखव एकदा कुणाला तरी."

कान गेले तर नोकरी गेली. कंपनीच्या दवाखान्यात त्यानं त्याच दिवशी तपासणी करून घेतली. काचेच्या खोलीत बसून, अगदी हलकी शिट्टी आली तरी बटण दाबलं. डॉक्टरांनी कागद बघून त्याच्या पाठीवर थाप मारली. "असे कान मला असते तर मी गाणं शिकलो असतो."

कान चांगले निघाल्याचा आनंद व्हायला हवा होता.

नंतर तो डोळ्यांनी बघायला लागला. ती कर्रकर्र चालू असली की घरात सगळ्यांचेच हातवारे मोठे व्हायचे. आईला नवल वाटलं की ती गालावर तळहात ठेवून मान एका बाजूला कलती करायची. दिव्या नको म्हणताना ताटावर दोन्ही हात आडवे धरायची. आवाज न पोचणाऱ्या अंतरावरच्या माणसालाही कळावं असं सगळं. आणि एकदा मीठ मागताना त्यानं स्वतःचेच हात पाहिले. चिमूट करून, छातीपुढं, जरा वर धरलेली. असं मीठ त्यानं आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

४

ती जमीन मुळात तात्याबांची. वय झालेलं, प्लॉट पाडून विकल्यावर उरलेल्या तुकड्यात कांदा करायचे आणि जुन्या गावठाणात राहायचे. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी होती. निरंजन सकाळीच त्यांच्याकडं गेला. कुशाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, चहा ठेवला.

"तात्याबा, आमच्या घराच्या जागेवर पूर्वी काय होतं?"

"माळ हुता. कुरण. शिनमाचा माळ म्हनत्यात त्याला," तात्याबा म्हणाले. "तुमास्नी कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

"सिनेमाचा?"

"मुका शिनमा. आमच्या चिमाजी आजाच्या वक्ताची गोष्ट. एक कंपनी आली बगा, मंबईची का कुठली. त्यास्नी मोकळं रान पायजे, घोडी पायजेत आन ऊन पायजे. आमच्या कुरणात तिन्ही हुतं. आख्खं गाव वसवलं त्यांनी तिथं. पेठ, राजवाडा, पागा, भटारखाना. पर घरास्नी भिती तीनच."

"तीनच का?"

"चौथी घातली तर दिसंल कसं? तिथं त्यो क्यामेऱ्याचं हँडल फिरवनारा हुबा ऱ्हायाचा. घरास्नी छप्पर बी न्हाई, वर मांजरपाटाचं पांढरं कापड तानल्यालं. ऊन मऊ पडावं म्हून. सावली पडता कामा नये तोंडावर." तात्याबांना सांगताना रंग चढला होता. "आन मानसं ऱ्हायची बी तिथंच. चित्रातला राजा रातच्याला त्याच राजवाड्यात घोंगडं टाकायचा. आजाला शिपाई केलं हुतं, घोड्यासकट. त्यो म्हनायचा, जेवन कंचं खरं आन कंचं चित्रातलं, त्येच कळंना झालं. जेवाया बसलं की ह्यो फिरवायला लागायचा."

निरंजननं कप खाली ठेवला. "मग कंपनी गेली कधी?"

"बोलका शिनमा आला. मुक्याला कोन इचारतंय? उठली म्हनत्यात." तात्याबा थांबले. "भिती वाळवीनं खाल्ल्या, बांबू लोकांनी नेलं. पर कंपनी उठून जाताना कुनी बघितल्याली न्हाई."

"आणि चिमाजी आजा?"

"त्यो हुता की. लई वर्सं जगला. पयला मोठा तापट, पर मागनं कुनाशी भांडान न्हाई, तंटा न्हाई. नुसता हसरा. आमची आजी मातुर..."

"पुरं करा आता," कुशाबाई मध्येच म्हणाल्या. त्यांनी निरंजनकडं पाहिलं. "तुमच्या आई बऱ्या हायेत न्हवं? आन सूनबाई?"

"हो, मजेत आहेत."

"मग झालं तर. त्या माळावर कुनाचं वंगाळ झाल्यालं आमी ऐकलं न्हाई." त्यांनी रिकामा कप उचलला आणि आत गेल्या. त्या परत बाहेर आल्या नाहीत.

५

निरंजननं दिव्याला काही सांगितलं नाही. फक्त म्हणाला, तुझ्या ऑफिसजवळ तळवड्याला एक फ्लॅट भाड्यानं मिळतोय, बघून तर येऊ. रविवारी सकाळी तिघं गेली. वरचा मजला, चारी बाजूंनी खिडक्या, मोकळी हवा. मालक दारं उघडून दाखवत होता.

स्वयंपाकघरात पाऊल टाकल्याबरोबर आई म्हणाली, "ओटा लईच उंच हाय. माझा हात कसा पुरंल?"

"तुम्हाला कशाला पुरायला हवा? मी आहे ना," दिव्या म्हणाली.

"म्हणजे मी आता नुसती बसून खावं का?"

"असं म्हटलं का मी?"

मालक कडी लावण्यात गुंतल्यासारखं करू लागला. लिफ्टमध्ये दोघी एकमेकींकडं पाठ करून उभ्या होत्या. खाली येईपर्यंत आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दिव्याच्या मानेवरची शीर ताठली होती. थेरगावचं घर लिफ्टनं त्यांच्याबरोबर खाली आलं होतं.

माळावरच्या घराचं दार उघडलं तेव्हा हॉलमध्ये तो मऊ उजेड होता. आई भिंतीसमोर जाऊन बसली. दिव्या तिच्याजवळ गेली आणि न बोलता तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. सावकाश, पूर्ण, कपाळापासून शेवटापर्यंत.

"इथनं मला कुठं नेऊ नको रे," आई म्हणाली. "मला इथं लई बरं वाटायलंय."

"निरंजन, तुला नेमका त्रास कशाचा आहे इथं?" दिव्यानं विचारलं.

त्यानं खरंच आठवून पाहिलं. भूक लागत होती, झोप येत होती, बायको हसत होती, आई रडत नव्हती. एका आवाजापायी हे सगळं मोडायचं? तळवड्याच्या मालकाला त्यानं संध्याकाळी नाही म्हणून कळवलं.

६

त्यानंतरच्या शनिवारी मेथीची भाजी होती. ताटं वाढली. निरंजन मध्ये, उजवीकडं आई, डावीकडं दिव्या. घास घ्यायच्या आधी त्याला दिसलं की पाण्याचा तांब्या आणायचा राहिला. तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, आणि तेवढ्यात कर्रकर्र सुरू झाली.

तो जागच्या जागी थांबला. आजवर असं झालं नव्हतं. तो उठला की आवाज थांबायचा. तिघं ओळीत बसल्याशिवाय तो सुरूच होत नसे.

मागं वळून पाहायला हवं होतं. त्यानं पाहिलं नाही. मान वळेना. तो स्वयंपाकघरातून पुढं गेला, मागचं दार उघडलं आणि घराला वळसा घालून पूर्वेकडं चालायला लागला. उन्हं चांगली वर आली होती. तात्याबांच्या कांद्याच्या वाफ्यांत बायका खुरपत होत्या. त्यांची तोंडं हलत होती. हायवेवरून कंटेनर जात होते, एकामागून एक, कापसावरून जावेत तसे.

घराचा कोपरा आला. त्यानं प्लास्टरवर हात ठेवला, खरखरीत आणि गरम. हात तसाच सरकवत तो वळला आणि त्याच्या हाताखालचं प्लास्टर संपलं.

समोर त्याचा हॉल होता. वर पांढरं कापड वाऱ्यानं हळू फुगत होतं आणि त्यातून गाळलेलं ऊन सगळ्यांच्या तोंडावर पडलं होतं. तीन ताटं. आई होती. दिव्या होती. दोघींच्या मध्ये तो होता. भाकरी मोडत होता. दिव्या काहीतरी म्हणाली आणि त्यानं मान मागं टाकून, डोळे मिटून, पोटभर हसून घेतलं. इतकं सुखी माणूस निरंजननं आरशात कधी पाहिलं नव्हतं.

तो उभा होता तिथं पायाशी गवत तीन ठिकाणी, तिपाई रोवल्यासारखं, खोल दबलेलं होतं. कर्रकर्र आता त्याच्या कोपराशी होती, इतकी जवळ की कुणाच्या तरी श्वासाबरोबर ती थोडी वरखाली होत होती. निरंजननं मान वळवली नाही. तेवढं त्याला जमलं.

मग आतल्या त्यानं हसणं आवरलं आणि वर पाहिलं. निरंजनकडं नाही. निरंजनच्या अगदी शेजारी. आणि, बरं जमलं का, असं विचारल्यासारखी भुवई उंचावली.

आवाज थांबला. निरंजनच्या तळहाताखाली भिंत होती. बायका कांद्यात मोठमोठ्यानं हसत होत्या, हायवेवर कुणी हॉर्न दाबून धरला होता.

तो आत आला. आई आणि दिव्या जेवत होत्या. मधलं ताट रिकामं होत आलं होतं, कडेला अर्धी भाकरी.

"आता कुठं गेलास मधीच?" आई म्हणाली. "बस. अजून थोडी भाजी घे."

तो बसला. त्याच्या दातांत मेथीचं पान अडकलेलं होतं.

७

सोमवारपासून पहिली शिफ्ट लागली. तो उजाडायच्या सुमारास बस पकडायचा. पहिले दोन दिवस त्यानं स्वतःला समजावलं की उन्हानं चक्कर आली असेल. तिसऱ्या दिवशी, अकराच्या जेवणाच्या सुट्टीत, सुजित कँटीनमध्ये जागा धरायला पुढं गेला तेव्हा निरंजन शेडबाहेर थांबला आणि आईला फोन लावला.

बराच वेळ रिंग गेली. मग आईचा आवाज आला. ती बाहेर पायरीवर येऊन बोलत असावी, मागं चिमण्या ऐकू येत होत्या.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"आई, मी."

"मी म्हणजे कोण?"

"अगं, मी निरंजन."

ती हसली, अनोळखी माणसाशी हसावं तसं, अदबीनं. "निरंजन तर जेवायलाय की आत. तुम्ही त्याच्या कंपनीतले का?"

निरंजननं फोन कानाशी दाबला. शेडमध्ये प्रेस धाडधाड चालत होता आणि तरीही त्याला फोनमधलं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. चिमण्या. आईच्या बांगड्या. आणि त्यांच्या मागं, उघड्या दारातून, ती सरावलेल्या हाताची कर्रकर्र.

"थांबा हां," आई म्हणाली. "बोलावते त्याला."

चपलांचा आवाज आत जायला लागला. कुणी फोनवर यायच्या आत निरंजननं फोन बंद केला.

तो शेडच्या सावलीत उभा होता, वारा बरा होता. घरी कुणी भांडत नव्हतं. आई जेवत होती, दिव्या जेवत होती, तिच्या शेजारी तिचा माणूस होता, मान मागं टाकून हसणारा. छातीत कुठंतरी एक बारीक कळ येऊन गेली, आणि मग तीही शांत झाली.

कँटीनमध्ये सुजितनं डबा उघडून मध्ये ठेवला होता. निरंजन त्याच्या समोर बसला. आपला डबा त्यानं पिशवीतून काढलाच नाही.

"काय रे, जेवत नाहीस?" सुजितनं विचारलं.

निरंजननं पोटावर हात ठेवून पाहिला. पोट भरलेलं होतं, नुकतं, गच्च. जिभेवर ताज्या भाकरीची चव होती.

"झालं माझं," तो म्हणाला.